स्टार्टअप परिषदेत बोलणं आणि ओळखी जोडणं : सांगली-साताऱ्याहून वारंवार येणारे प्रश्न

कुपवाड एमआयडीसीत आमचं दोन खोल्यांचं वर्कशॉप आहे. बेदाण्याच्या शेडमधलं तापमान आणि दमटपणा मोजून शेतकऱ्याच्या फोनवर कळवणारं यंत्र आम्ही बनवतो. त्या निमित्ताने पुणे, मुंबई, बंगळूरच्या परिषदांत बोलायला जाणं झालं आणि तेव्हापासून मुलामुलींचे मेसेज येतात. कधीकधी त्यांच्या वडिलांचेही. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली. प्रश्न आले तसेच ठेवलेत, नावं तेवढी काढली. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला क्रमांक दिलाय.

१. ताई, भाषणं सगळी नंतर यूट्यूबवर येतात. मग तिकीट काढून परिषदेला जायचं कशाला?

भाषणं ऐकायलाच जाणार असाल तर खरंच जाऊ नका. घरी पंख्याखाली बसून जास्त नीट ऐकू येतात.

मी कशाला जाते ते सांगते. बेदाण्याला गंधकाची धुरी देतात. आमच्या पहिल्या यंत्रांचे सेन्सर त्या धुरीने महिन्याभरात खराब व्हायचे, बोर्डावरचं तांबं काळं पडायचं. आम्ही डबा बदलला, रबर बदललं, काही उपयोग होईना. पुण्याच्या एका परिषदेत चहाच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या गृहस्थांशी बोलणं निघालं. ते कोंबड्यांच्या शेडसाठी यंत्रं बनवायचे आणि त्यांना अमोनियाने हाच ताप दिला होता. त्यांनी बोर्डावर कॉन्फॉर्मल कोटिंग, म्हणजे संरक्षक लेप, मारायला सांगितलं आणि सेन्सरवर बसणारी पीटीएफई (टेफ्लॉन) पडद्याची टोपी खिशातून काढून दाखवली. हवा आत जाते, पाणी आणि धूळ बाहेर राहते. तेव्हा वर स्टेजवर काय चाललं होतं ते आज मला आठवतही नाही.

अशी माणसं गाठायला जायचं. तुमच्यासारख्याच अडचणीत आधी अडकलेला, तुमचा माल घेऊ शकणारा आणि तुम्हाला सुटे भाग पुरवू शकणारा, या तिघांपैकी एक जरी भेटला तरी तिकीट वसूल.

२. माझ्याकडे फक्त कल्पना आहे, कंपनी नोंदलेली नाही. चालेल का?

ऐकायला आणि भेटायला चालेल. स्टॉल किंवा पिच, म्हणजे स्टेजवर काही मिनिटांत आपला धंदा मांडायची संधी, हवी असेल तर बऱ्याच ठिकाणी डीपीआयआयटीची (केंद्र सरकारच्या उद्योग आणि अंतर्गत व्यापार विभागाची) मान्यता विचारतात. ही मान्यता स्टार्टअप इंडिया उपक्रमातली, तो उपक्रम १६ जानेवारी २०१६ ला सुरू झाला. प्रायव्हेट लिमिटेड, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी), नोंदणीकृत भागीदारी यांना ती मिळते. एकट्याच्या नावावरच्या प्रोप्रायटरशिपला मिळत नाही आणि आपल्याकडची निम्मी पोरं इथेच अडकतात, कारण सीएंनी स्वस्तात पडेल म्हणून प्रोप्रायटरशिप काढून दिलेली असते.

उद्यम नोंदणी वेगळी. ती लघुउद्योगाची, प्रोप्रायटरलाही मिळते. उद्यम असो की डीपीआयआयटी, दोन्हींना सरकारी संकेतस्थळावर फी नाही. फी मागणारा दिसला की तो एजंट समजा.

३. सांगलीत बसून कुठली परिषद निवडू? सगळ्याच 'आंतरराष्ट्रीय' दिसतात.

नावाकडे बघू नका, मागच्या वर्षीची वक्त्यांची यादी आणि स्टॉलची यादी काढा. त्यात तुमचं गिऱ्हाईक किंवा तुमच्या क्षेत्रातला माणूस नसेल तर सोडून द्या. शेतीतलं काही करत असाल तर डिसेंबरात पुण्याजवळ मोशीला भरणारं किसान प्रदर्शन चकचकीत टेक परिषदेपेक्षा जास्त कामाचं. तिथे शेतकरी तोंडावर सांगतो की हे चालणार नाही. महाराष्ट्र राज्य नाविन्यता सोसायटीच्या स्टार्टअप सप्ताहावरही लक्ष ठेवा. निवडलेल्या स्टार्टअपना सरकारी खात्यात प्रत्यक्ष काम करून दाखवायला कार्यादेश (वर्क ऑर्डर) मिळतो आणि सुरुवातीच्या काळात कार्यादेश हा बक्षिसाच्या ढालीपेक्षा कितीतरी बरा.

जाण्यायेण्याचं म्हणाल तर आपण नशीबवान आहोत. मुंबईला महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्रीत पोचवते, बंगळूरला राणी चन्नम्मा आहे, पुण्याला दिवसा कोयना. पहिल्या परिषदेला मी कोयनेने गेले होते. वाटेत किर्लोस्करवाडी लागते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये त्या माळावर कारखाना आणला. त्यांचा लोखंडी नांगर सुरुवातीला शेतकरी घेईनात, लोखंडाने जमीन नासते म्हणायचे. त्यांनाही पटवून देतच विकावं लागलं, एवढ्यावर मी पुण्यापर्यंत धीर धरला.

पहिली परिषद मात्र शक्यतो घराजवळची घ्या. सांगलीचं वालचंद, साखराळ्याचं आरआयटी, कऱ्हाडचं शासकीय अभियांत्रिकी, इथे उद्योजकतेचे कार्यक्रम होतात. तिथे चुकलात तर चारशे लोकांत चुकत नाही, चाळिसात चुकता.

४. वक्ता म्हणून नाव कसं लागतं? ओळख लागते का?

ओळख असली तर सोपं जातं, खोटं कशाला बोलू. नसली तरी दार बंद नाही. बहुतेक परिषदा दोन-चार महिने आधी वक्त्यांसाठी अर्ज मागवतात आणि निवडणाऱ्यांपुढे एकाच साच्याचे अर्ज येतात. 'शेतीतील कृत्रिम बुद्धिमत्तेची भूमिका' हा विषय देऊ नका, तो आणखी वीस जणांनी दिलेला असतो. माझा पहिला अर्ज असाच होता आणि नाकारला गेला. दुसऱ्यांदा लिहिलं : 'गंधकाच्या धुरीत सेन्सर जगवताना झालेल्या चार चुका'. आठवड्यात फोन आला.

अर्जात तुम्ही कोण यापेक्षा ऐकणाऱ्याला घरी काय नेता येईल ते लिहा. पाच-सहा ओळी पुरतात. आधी कुठे बोललेलं असेल तर त्याचा व्हिडिओ जोडा, कॉलेजच्या वर्गात मोबाइलवर काढलेलाही चालतो.

बोलण्याचे पैसे बहुधा मिळत नाहीत. प्रवासखर्च आणि मुक्काम मिळतो का हे मात्र संकोच न करता आधी विचारा, ईमेलवर. उलट तुमच्याकडेच पैसे मागितले तर प्रश्न १४ वाचा.

५. इंग्रजी कच्चं आहे. मराठीत बोललो तर हसतील का?

पुण्या-मुंबईत मराठीतून सुरुवात करून मध्ये इंग्रजी शब्द घेतले तर कुणी हसत नाही, फक्त आयोजकांना आधी विचारून घ्या. बंगळूरला इंग्रजीच लागतं. पण लागतं ते साधं इंग्रजी : छोटी वाक्यं, वर्तमानकाळ, आकडे. पाठ केलेलं भारी इंग्रजी एका शब्दाला अडलं की सगळं कोसळतं. मी बंगळूरला 'बेदाणा शेड' हाच शब्द वापरला, फोटो दाखवला आणि पुढे सगळे तोच शब्द वापरून प्रश्न विचारत होते.

गिऱ्हाइकाचं वाक्य भाषांतर करू नका. तासगावच्या एका काकांनी आमचं यंत्र बघून विचारलं होतं, "हे झोपतं का रात्री?" मी ते मराठीत म्हणते आणि मग इंग्रजीत अर्थ सांगते.

६. पाच मिनिटं मिळाली आहेत. नेमकं काय बोलू?

कंपनीची स्थापना, दृष्टी, ध्येय यांनी सुरुवात केली तर पहिलं मिनिट गेलं आणि लोकांनी मोबाइल काढले.

मी स्टेजवर जाताना खिशात दोन बेदाणे नेते. एक हिरवट, लांब, चकचकीत. दुसरा काळपट. दोन्ही हातात धरून सांगते की हे एकाच बागेतले, एकाच शेडमधले. द्राक्षं सुकायला बारा-पंधरा दिवस लागतात आणि साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. त्या पंधरा दिवसांत एका रात्री दोन वाजता हवा दमट झाली, ताडपत्री सोडायला कुणी उठलं नाही आणि हा इकडचा तिकडचा झाला. सौद्यात व्यापारी ओंजळभर उचलतो, बघतो आणि भाव पाडतो. एवढं सांगायला पाऊण मिनिट लागतं. यंत्राचं नाव अजून घेतलेलं नसतं, पण ते कशाला लागतं हे मागच्या रांगेपर्यंत पोचलेलं असतं.

तुमच्याकडे बेदाणा नसेल. पण तुमच्या गिऱ्हाइकाची एक रात्र किंवा एक दुपार असेलच. हळदीच्या अडत दुकानातली वही, मिरजेच्या दवाखान्यातली सकाळची रांग, साताऱ्याहून पुण्याला रोज ये-जा करणाऱ्याचा पास. त्यातला एक प्रसंग घ्या आणि हातात धरता येईल असं काही असेल तर धरा.

मग आकडे. 'भारतात इतके कोटी शेतकरी, त्यातले एक टक्का जरी धरले तरी' हे वाक्य चुकूनही नको. समोरच्याने ते त्या सकाळीच सहा वेळा ऐकलेलं असतं. खालून वर मोजा : माझ्या तालुक्यात शेड किती, एका शेडमागे मी किती घेते, किती ठिकाणी बसवलं. आणि सगळ्यांत बोलका आकडा म्हणजे दुसऱ्या हंगामाला स्वतःहून पैसे भरणारे किती. पहिल्या वर्षी लोक कौतुकाने घेतात, ओळखीने घेतात, पोरगी गावची आहे म्हणून घेतात. दुसऱ्या वर्षी काम झालं असेल तरच घेतात. तो आकडा लहान असला तरी सांगा. मी पहिल्यांदा सांगितला तेव्हा तो एक अंकी होता, आणि भेटायला आलेल्यांनी त्याच्याबद्दलच विचारलं.

शेवटच्या अर्ध्या मिनिटात एकच मागणं मागा. गुंतवणूक, वितरक, मार्गदर्शक आणि इंटर्न असं सगळं एकदम मागितलं की कुणीच पुढे येत नाही. मी एकदा नुसतं म्हणाले, "नाशिककडे बेदाणा शेड असलेलं कुणी ओळखीचं आहे का?" खाली उतरले तेव्हा दोघं थांबले होते.

सराव घड्याळ लावून करा. पाच मिनिटांचं भाषण घरी चारमध्ये बसलं पाहिजे, स्टेजवर ते आपोआप फुगतं.

७. स्लाइड किती ठेवू? यंत्र चालू करून दाखवू का?

पाच मिनिटांना सहा-सात स्लाइड पुष्कळ. स्लाइडचा खालचा भाग मोकळा ठेवा, पुढच्यांची डोकी आड येतात आणि तळाची ओळ मागच्यांना दिसतच नाही.

मराठी मजकूर असेल तर तो युनिकोड फॉन्टमध्येच टाइप करा आणि फाइल पीडीएफ करून न्या. श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात केलेली स्लाइड आयोजकांच्या लॅपटॉपवर उघडली की 'शेतकरी'च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसतो. मी एकाची अशी फजिती डोळ्यांनी बघितली. बिचारा पाच मिनिटं पडद्याकडे पाठ करून बोलला. फाइल पेनड्राइव्हवर, ईमेलवर आणि फोनमध्ये अशी तिन्हीकडे ठेवा. टाइप-सी ते एचडीएमआय जोडणारा अडॅप्टर स्वतःचा न्या.

चालू यंत्राचं म्हणाल तर माझंच ऐका. मुंबईत एकदा सभागृह तळघरात होतं. आमच्या यंत्रातल्या सिमला रेंज नाही, सभागृहाचं वायफाय पासवर्डाच्या पानावरच अडकलेलं. दीड मिनिट मी यंत्र हातात धरून, "आता येईल मेसेज" म्हणत उभी होते. मेसेज आला, मी दादरला पोचल्यावर. त्यानंतर चाळीस सेकंदांचा व्हिडिओ आधीच काढून स्लाइडमध्ये घालते आणि यंत्र नुसतं टेबलावर ठेवते. ज्यांना बघायचं ते नंतर येऊन हाताळतात.

८. स्टेजवर पाय लटपटतात. काही उपाय?

पहिली दोन वाक्यं घोटून पाठ करा, बाकी करू नका. कार्यक्रमाआधी रिकाम्या स्टेजवर एकदा चढून या आणि माइकवाल्या दादांशी बोला, ते माणूस बघून आवाज लावतात. हातात कागद नको, थरथरला की दिसतो. जाड कार्ड चालतं. लटपटणं पूर्ण जात नाही. माझं अजून गेलेलं नाही.

९. पॅनेल चर्चेला बसवलंय. पिचपेक्षा वेगळं काय?

पॅनेलवर तुम्ही चौघांतले एक असता आणि निदान एक जण माइक सोडत नाही. सूत्रसंचालकाला आदल्या दिवशी फोन करून विचारा की मला नक्की काय विचारणार. तीन प्रसंग तयार ठेवा आणि दुसऱ्याच्या बोलण्याला धरून त्यातला एक सांगा. "यांच्याशी मी सहमत आहे" म्हणून तेच परत सांगण्यात वेळ घालवू नका. कंपनीची जाहिरात एकदाच, तीही कुणी विचारलं तर.

१०. प्रश्नोत्तरांत अडवलं तर? एकाने सरळ विचारलं, "हे तर एखादी मोठी कंपनी आठवड्यात करेल."

करेल. तसं म्हणून टाका, मग सांगा की तिला यातलं काय अवघड जाईल. आमच्या बाबतीत ते म्हणजे रात्री दोनला शेतकऱ्याचा फोन उचलणारं कुणीतरी मराठी बोलणारं माणूस.

आकडा माहीत नसेल तर "आत्ता नाही, संध्याकाळपर्यंत पाठवते" म्हणा, नाव लिहून घ्या आणि खरंच पाठवा. ठोकून दिलेला आकडा त्याच सभागृहातला कुणीतरी तपासतोच. आणि काही जण प्रश्न विचारायला उठतच नाहीत, स्वतःचं भाषण करायला उठतात. त्यांना हसून "चहाला बोलू" म्हणायचं.

११. अनोळखी लोकांशी बोलायला सुरुवात कशी करू? मी कोपऱ्यात मोबाइल बघत उभा राहतो.

आपल्याकडे एसटीत शेजारी बसलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांत "पाव्हणं कुठलं?" विचारून तुमचं गाव, आडनाव आणि मामाचं गाव काढून घेतो. लग्नाच्या पंगतीत दोन अनोळखी माणसं तिसऱ्या नातेवाइकाचं नाव निघेपर्यंत थांबत नाहीत. ओळख काढणं आपल्याला जन्मापासून येतं. परिषदेत गळ्यात पट्टा अडकवला की आपण ते विसरतो आणि कुठल्यातरी व्हिडिओत बघितलेलं तीस सेकंदांचं भाषण म्हणून दाखवतो.

तेच वापरा, फक्त आडनाव वगळा. "कुठून आलात? काय बनवता? सध्या कशाने डोकं खाल्लंय?" तिसऱ्या प्रश्नाला माणूस मोकळा होतो. तो बोलेपर्यंत स्वतःचं यंत्र काढू नका. त्याच्या अडचणीवर तुम्हाला एखादा माणूस, दुकान, पत्ता माहीत असेल तर लगेच देऊन टाका. मी कुपवाडच्या एका पत्रा वाकवणाऱ्या मिस्त्रींचा नंबर, त्यांना विचारून, आतापर्यंत किती जणांना दिला असेल. त्यातले दोघं पुढे माझ्याकडेच काम घेऊन आले.

दोघं एकमेकांकडे तोंड करून बोलत असतील तर मध्ये घुसू नका. एकटा उभा असलेला शोधा, तोही तुमच्यासारखाच मोबाइल बघतोय. कॉलेजचे पाच जण एकत्र गेलात तर आत गेल्यावर फुटा, जेवायला भेटा. नाहीतर सांगलीहून निघून सांगलीकरांशीच बोलून परत याल. ओळखपत्राची दोरी गाठ मारून आखूड करा, पोटावर लोंबणारं नाव वाचायला लोकांना लाज वाटते.

बोलणं संपवणं काहींना जड जातं. "तुम्हालाही भेटायचं असेल बऱ्याच जणांना, नंबर घेते" एवढं पुरतं.

मी बेदाण्याच्या छोट्या पुड्या नेते. आधी भडंग नेऊन बघितला होता. गप्पा फार रंगल्या, पण तेलकट हातांनी कार्ड कुणी घेईना.

१२. कार्ड छापू की क्यूआर कोड पुरतो?

दोन्ही ठेवा. क्यूआर थेट तुमच्या नंबरावर किंवा लिंक्डइनवर नेणारा हवा, कंपनीच्या अर्धवट संकेतस्थळावर नको. कार्डाची मागची बाजू कोरी आणि खरखरीत ठेवा म्हणजे पेनाने लिहिता येतं. कशाला ते १५ मध्ये.

१३. गुंतवणूकदाराला कसं गाठायचं? त्यांच्याभोवती कायम गराडा असतो.

गराड्यात शिरू नका. कोण येणार ते आधीच जाहीर असतं, म्हणून घरूनच बघून जा की त्यांनी आजवर कशात पैसे घातलेत. हार्डवेअरला हात न लावणाऱ्याकडे यंत्र घेऊन जाण्यात दोघांचा वेळ जातो. शक्य झालं तर त्यांनी पैसे घातलेल्या कंपनीच्या एखाद्या संस्थापकाशी आधी बोला. तो ओळख करून देईल ती तुमच्या दहा ईमेलपेक्षा भारी.

समोर आलेच तर तीन वाक्यं : काय करतो, कोण पैसे देतं, आत्ता कुठे अडलंय. मग विचारा, "तुम्ही या टप्प्यावर बघता का?" नाही म्हणाले तर कोण बघतं ते विचारा. उभ्याउभ्या कंपनीची किंमत आणि हिस्सा बोलू नका. 'इंटरेस्टिंग आहे, संपर्कात राहू' याचा अर्थ बहुधा नाही असाच असतो. पुढच्या भेटीची तारीख मिळाली तर ते हो.

एंजल टॅक्सबद्दल, म्हणजे वाजवी किमतीपेक्षा चढ्या भावाने शेअर देऊन मिळालेल्या गुंतवणुकीवरच्या कराबद्दल, घाबरवणारे अजून भेटतात. तो जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात रद्द झाला.

बाहेरचे पैसे नकोच असतील तर परिषदेत तसं सांगा. गिऱ्हाइकांच्या पैशावर चाललेला धंदा सांगायला आपल्याकडची मुलं का लाजतात मला कळलेलं नाही.

१४. 'तुमची युवा उद्योजक पुरस्कारासाठी निवड झाली आहे' असा ईमेल आलाय. नोंदणी शुल्क भरायचं आहे. भरू का?

नको. निवड आधी आणि शुल्क नंतर असेल तर ती विक्री आहे. बोलण्यासाठी पैसे मागणाऱ्यांचंही तेच, समोर बसलेलेही पैसे भरून आलेले वक्तेच असतात. मी पहिल्या वर्षी एकदा भरले. ढाल मिळाली, फोटो मिळाला, गावात फ्लेक्स लागला. गिऱ्हाईक एक नाही.

अपवाद दोन. स्टॉलचं भाडं ही रीतसर गोष्ट आहे, ते उघड जाहीर असतं आणि त्याची जीएसटीसह पावती मिळते. आणि काही परिषदांत कंपन्या प्रायोजक म्हणून बोलण्याची वेळ विकत घेतात, तसं कार्यक्रमपत्रिकेवर छापलेलं असतं. पहिल्या दोन-तीन वर्षांत आपल्याला ते परवडत नाही, एवढंच.

१५. परत आल्यावर काय करायचं? माझ्याकडे साठ कार्डं पडून आहेत.

साठ म्हणजे बोलणं कुणाशीच झालं नाही. मी दिवसाला सात-आठ माणसं धरते. प्रत्येक बोलण्यानंतर कार्डाच्या मागे दोन शब्द लिहिते : 'अमोनिया, टोपी', 'मुलगी वालचंदला', 'मार्चनंतर'. परतीच्या गाडीत कऱ्हाड येईपर्यंत सगळ्यांना मेसेज गेलेले असतात.

'आपल्याला भेटून आनंद झाला' एवढाच मेसेज पाठवू नका. असा लिहा : 'सर, काल चहाच्या वेळी सेन्सरच्या टोपीबद्दल बोललो ती सांगलीची मी. तुम्ही सांगितलेला नमुना मागवलाय. धुरीत आठवडाभर ठेवून काय होतं ते फोटोसह कळवते.' आणि आठवड्याने खरंच कळवा. फोटो पाठवायचं निमित्त आपणच आधी पेरून ठेवायचं असतं. दोनदा उत्तर आलं नाही तर थांबा, दिवाळीला पुन्हा बघा. साखळी संदेशांच्या यादीत कुणाला परस्पर टाकू नका.

१६. स्टेजवर सगळं सांगितलं आणि कुणी कल्पना चोरली तर?

नुसत्या कल्पनेला कायद्याचं संरक्षण नाही, पेटंटही नाही. तुमच्याकडे खरंच नवीन यंत्ररचना किंवा प्रक्रिया असेल तर मात्र बोलण्याआधी अर्ज करा. भारतात अर्जापूर्वी जाहीर केलेली गोष्ट नवीन धरली जात नाही आणि स्टेजवर दाखवणं हे जाहीर करणंच. सवलत आहे, पण केंद्र सरकारने अधिसूचित केलेलं प्रदर्शन किंवा विद्वत्संस्थेपुढे वाचलेला निबंध अशा मोजक्या ठिकाणांपुरती, तीही १२ महिने. आपली पिच त्यात बसेल या भरवशावर राहू नका.

तात्पुरता, म्हणजे प्रोव्हिजनल अर्ज ऑनलाइन करायला व्यक्तीला किंवा मान्यताप्राप्त स्टार्टअपला १,६०० रुपये शासकीय फी आहे. वकिलाची वेगळी. त्यानंतर १२ महिन्यांत पूर्ण अर्ज द्यावा लागतो. निव्वळ संगणक प्रोग्रामला पेटंट मिळत नाही, कोडला कॉपीराइट असतो. कॉलेजच्या प्रयोगशाळेत बनवलं असेल तर हक्क कुणाचा हे कॉलेजला आधी लेखी विचारा. हे भांडण नंतर फार कडू होतं.

गोपनीयतेच्या करारावर गुंतवणूकदार सहसा सही करत नाहीत, पहिल्या भेटीत मागूही नका. काय करतो ते सांगा, मिश्रणाचं प्रमाण सांगू नका. हॉटेलवाला मिसळ खाऊ घालतो, तर्रीचा मसाला सांगतो का?

१७. ताई, मी मुलगी आहे. रात्रीच्या जेवणाला, 'नेटवर्किंग डिनर'ला जावं का?

मी जाते, पण परतीची सोय आधी लावून. मुक्काम कार्यक्रमाच्या जवळ, खोलीचं नाव-नंबर कुणाला सांगायचा नाही, घरी एकीला ठिकाण शेअर केलेलं. कामाचं बोलणं लॉबीत किंवा सभागृहात होतं, खोलीत होत नाही. हे वाक्य मी दोनदा मोठ्याने म्हटलेलं आहे. रात्री अकराला येणाऱ्या 'हाय' ला सकाळी दहाला, ईमेलवर, कंपनीच्या नावाने उत्तर द्यायचं. कुणी मर्यादा ओलांडली तर आयोजकांना लेखी कळवा, आणि त्यांनी हसण्यावारी नेलं तर पुन्हा त्यांच्या स्टेजवर जाऊ नका. मी एकांकडे जात नाही. ते दरवर्षी बोलावतात.

आणखी एक. पॅनेलवर 'महिला उद्योजकांसमोरील आव्हानं' एवढंच विचारलं जातं. एकदा उत्तर देऊन मी सेन्सरवर येते.

१८. वय सतरा आहे. कंपनी काढून पिच करता येईल का?

पिच करता येईल, अनेक स्पर्धा शाळकरी मुलांसाठीच असतात. पण १८ पूर्ण होईपर्यंत तुमच्या सहीचा करार कायद्याने टिकत नाही, तेव्हा बक्षिसाच्या अटींवर सही आईवडिलांची लागेल. बारावीचा मार्च मध्ये येत असेल तर परिषद पुढच्या वर्षीही भरणार आहे.

१९. आम्ही दोघं भागीदार. स्टेजवर दोघं जाऊ का?

पाच मिनिटांना एकच. दुसऱ्याने खाली बसून कोण मान डोलावतंय ते बघायचं आणि संपल्यावर त्यांना गाठायचं. मात्र प्रश्नोत्तरांत दोघांचे आकडे एकच असले पाहिजेत.

२०. घरचे म्हणतात, नुसती भाषणं ठोकत फिरतेस, धंदा कधी करणार?

घरच्यांचं निम्मं खरं आहे. वर्षाला दहा परिषदा करणारे संस्थापक मला भेटतात, त्यांचं यंत्र दरवर्षी तेच असतं, फोटो तेवढे नवे. मी वर्षाला तीन धरते, आणि फेब्रुवारी ते एप्रिल, बेदाण्याच्या हंगामात एकही नाही, बोलावणं कुठूनही येवो. तुमचा हंगाम कुठला ते ठरवा आणि तो सोडून जा.

२१. स्टेजवर चुकीचा आकडा सांगून बसलो. व्हिडिओ पण आलाय. आता?

माझंही झालं होतं. बसवलेल्या यंत्रांचा आकडा सांगताना परत आलेली यंत्रं वजा करायला विसरले. गाडीत बसल्यावर लक्षात आलं. आयोजकांना ईमेल केला, व्हिडिओखाली दुरुस्ती टाकायला लावली आणि ज्या सात जणांची कार्डं होती त्या प्रत्येकाला खरा आकडा कळवला. सहा जणांचं उत्तर आलं नाही. सातव्याने विचारलं, "परत का आली?" मी कारण लिहिलं : गंधक. तो रसायनवाला निघाला, पुढच्या गुरुवारी कुपवाडला आला आणि शेडमध्ये दोन तास उकिडवा बसून होता.